ताई, १२ दिवसांत ७ बेटं नको, ३ करा

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. लेक न्यू जर्सीला असते, हे दोघं एप्रिलमध्ये तिच्याकडे जाणार, जुलैपर्यंत राहणार, अगदीच वाटलं तर मुक्काम वाढवणार. मे महिन्यात लग्नाला ३० वर्षं होतायत म्हणून लेक आणि जावई त्यांना कॅरिबियन ट्रिप गिफ्ट देतायत, १२ दिवसांची. मिस्टरांनी एक्सेलमध्ये प्लॅन केलाय: बहामास, जमैका, अरुबा, सेंट लुसिया, बार्बाडोस, ग्रेनेडा, त्रिनिदाद. ताई लिहितात, "यादी बघूनच मला दमायला झालं. मला बोट लागते, पोहता येत नाही, आम्ही दोघंही शाकाहारी. जावई म्हणतो क्रूझच घ्या. ह्यांना ऑगस्टमध्ये तिकिटं स्वस्त दिसतायत. ह्यांचा उत्साह मोडायचा नाहीये, पण मला तिथे जाऊन नुसत्या बॅगा भरायच्या नाहीयेत. काय करू?"

ताई, आधी मनापासून अभिनंदन. आणि तुमची शंका अगदी बरोबर आहे, ती मिस्टरांना बिनधास्त सांगा, सोबत नकाशा घेऊन बसा म्हणजे वाद होणार नाही. आपल्याकडे वेस्ट इंडिज म्हटलं की ती सगळी बेटं एकमेकांना चिकटून असल्यासारखी वाटतात, क्रिकेटची टीम एकच ना. पण जमैका ते बार्बाडोस हे अंतर १९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुंबई ते कोलकात्यापेक्षा जास्त. बहामास तर कॅरिबियन समुद्रात नाहीच, ते अटलांटिकमध्ये, फ्लोरिडाच्या शेजारी. अरुबा पार दुसऱ्या टोकाला व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत. आणि प्रत्येक बेट बहुतेक वेगळा देश, म्हणजे दर वेळी चेक-इन, इमिग्रेशन, टॅक्सी, हॉटेल, आणि थेट विमान नसलं तर मायामी किंवा आणखी कुठल्या एअरपोर्टवर चार-पाच तास बसून राहायचं. एक बेट बदललं की एक दिवस गेला असं धरा. सात बेटं म्हणजे तुमच्या बारातले निम्मे दिवस एअरपोर्टवर.

म्हणून माझा सल्ला एकच, बेटं वेचू नका, एक ओळ पकडा. नकाशात खाली उजवीकडे बघा, बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट, त्याच्या खाली ग्रेनेडीन्सची छोट्या छोट्या बेटांची माळ, आणि तळाला ग्रेनेडा. हा एवढाच तुकडा करा. बार्बाडोसला ३ रात्री, बेक्विया नावाच्या छोट्या बेटावर ४, ग्रेनेडाला ३, आणि एक रात्र हातची ठेवा कारण त्या भागातली छोटी विमानं वेळेवर सुटतीलच असं नाही. बेटाबेटांना जोडणारी जुनी कंपनी लिआट २०२० मध्ये कोलमडली, तेव्हापासून तिथल्या विमानांचं वेळापत्रक सारखं बदलत असतं, त्यामुळे बेटावरून बेटावर जायचं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कचं विमान पकडायचं असं अजिबात करू नका. शेवटची रात्र जिथून मोठं विमान आहे तिथेच.

तिकीट काढताना जावईबापूंना सांगा की जाताना न्यूयॉर्क ते बार्बाडोस आणि येताना ग्रेनेडा ते न्यूयॉर्क असं काढायचं, दोन्ही थेट मिळतात. नेहमीसारखं जाऊन-येऊन एकाच ठिकाणचं काढलं तर शेवटी परत बार्बाडोसला यावं लागेल आणि पुन्हा एक दिवस वाया. मधली विमानं लहान असतात, त्यांना मोठी हार्ड सुटकेस चालत नाही, वजनाची मर्यादाही कमी, तर मोठ्या बॅगा लेकीकडेच ठेवा आणि दोघांच्या मिळून दोन मऊ बॅगा न्या.

व्हिसाचं सांगते कारण ह्यात लोक फसतात. बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट (बेक्विया त्यातच येतं) आणि ग्रेनेडा ह्या तिन्ही देशांत भारतीय पासपोर्टवर फिरायला जायला सध्या व्हिसा लागत नाही, हेही एक कारण आहे मी ही ओळ सुचवण्याचं. तरी नियम बदलतात, तिकीट काढायच्या आधी प्रत्येक देशाच्या सरकारी साईटवर एकदा बघून घ्या, हल्ली एंट्री फॉर्मही बऱ्याच ठिकाणी आधीच ऑनलाइन भरून घेतात. सेंट लुसियाला मात्र आपल्याला व्हिसा लागतो. आणि कोणी मार्टिनिक किंवा ग्वादलूप सुचवलं तर लक्षात ठेवा, ती फ्रान्सची बेटं असली तरी युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. मुख्य गोष्ट अशी की तुमचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते आजच बघा, कारण तुम्हाला परत अमेरिकेत शिरायचंय. आणि कॅरिबियन करून आलो की अमेरिकेत राहायचे सहा महिने पुन्हा नव्याने मोजले जातील असं धरून चालू नका, जवळच्या बेटांवर थोडे दिवस जाऊन आलं तर पहिलीच तारीख कायम राहू शकते, ते तिथल्या ऑफिसरच्या हातात असतं. भारतात परतायच्या तिकिटाची प्रिंट आणि हॉटेलचे पत्ते कागदावर जवळ ठेवा, फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

आता ऑगस्ट. ताई, ऑगस्टला स्पष्ट नाही म्हणा. तिकडचा वादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट, म्हणूनच ते स्वस्त आहे. तुमचा लग्नाचा वाढदिवसच मे मध्ये आहे हे किती छान जुळून आलंय बघा, डिसेंबर ते एप्रिल मध्यापर्यंतचा महागडा सीझन संपलेला असतो, हॉटेलांचे दर खाली येतात, हिवाळ्यातले जोराचे वारे मंदावतात म्हणजे समुद्रही जरा शांत, आणि पाऊस अजून सुरू झालेला नसतो. मे चा पहिला किंवा दुसरा आठवडा पकडा. फक्त एक, २०११ पासून तिकडे उन्हाळ्याच्या सुमाराला सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगाने किनाऱ्याला लागतं, कुजलं की वास मारतं. ते येतं अटलांटिककडून, म्हणजे पूर्वेकडून. त्यामुळे हॉटेल नेहमी बेटाच्या पश्चिम बाजूचं घ्या, पाणीही तिकडेच शांत असतं, तुमच्यासारख्या न पोहणाऱ्यांना तेच बरं.

बार्बाडोस. मिस्टर क्रिकेटवाले आहेत असं यादीतल्या त्रिनिदादवरून वाटतंय, त्यांना सांगा ब्रिजटाउनला केन्सिंग्टन ओव्हल आहे, जिथे २९ जून २०२४ ला आपण दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-२० वर्ल्ड कप जिंकला. सूर्यकुमारने शेवटच्या ओव्हरमध्ये सीमारेषेवर तो कॅच घेतला ते मैदान, रोहितने पिचवरचं गवत तोंडात घातलं ते मैदान. डोंबिवलीच्या माणसाला ह्याहून जास्त काही समजावावं लागणार नाही, एक बेट कमी केल्याचं दुःख तिथेच जाईल. मैदान बघायला मिळेल का ते आधी चौकशी करून जा. बाकी ब्रिजटाउनच्या जवळच कार्लाइल बे म्हणून अर्धगोल किनारा आहे, पाणी तलावासारखं, तिथे कंबरभर पाण्यात निवांत उभं राहता येतं. पूर्वेचं बॅथशीबा बघायला जरूर जा, मोठमोठे खडक आणि खवळलेला अटलांटिक, पण पाण्यात उतरायचं नाही. आणि किनाऱ्यावर कुठल्या झाडाखाली बसताय ते बघा, तिकडे मॅनचिनील नावाचं विषारी झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं येतात, चीक अंगाला लागला तर फोड येतात, फळ तोंडात घालायचं नाहीच पण पावसात त्याच्याखाली उभंसुद्धा राहायचं नाही. बऱ्याच ठिकाणी खोडाला लाल पट्टा रंगवलेला असतो.

बार्बाडोसहून छोट्या विमानाने सेंट व्हिन्सेंटच्या आर्गाइल एअरपोर्टला उतरा, तिथून टॅक्सीने किंग्सटाउनच्या धक्क्यावर, आणि मग बेक्वियाची फेरीबोट, साधारण तासाभराची, गेटवेहून मांडव्याला जातो तेवढीच. हा तास तुम्हाला काळजीचा वाटेल, कारण मधल्या खाडीत वारा असतो आणि लाटा आडव्या येतात, तर सकाळची बोट घ्या. जागा खालच्या मजल्यावर मधोमध, तिथे सगळ्यात कमी हलतं. नजर लांब क्षितिजावर, मोबाईल पर्समध्ये. उपाशी राहू नका आणि पोटभर पण खाऊ नका. गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून इथूनच घेऊन जा. आलेपाक जवळ ठेवा, बऱ्याच जणांना त्याने खरंच बरं वाटतं. एवढं करूनही भीती वाटत असेल तर बार्बाडोसहून बेक्वियाला थेट छोटं विमानही जातं, दोन्हीचे दर काढून बघा, तीस वर्षांनी एकदा जाताय तर थोडे जास्त गेले तरी हरकत नाही.

बेक्वियासाठी मी हट्ट धरते. जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं बेट, बोट ॲडमिरल्टी बे मध्ये शिरते तेव्हा शिडाच्या होड्या सगळीकडे नांगरलेल्या दिसतात. धक्क्यावर उतरलं की पाण्याच्या अगदी कडेकडेने बेलमाँटची पायवाट जाते, एका बाजूला छोटी हॉटेलं, दुसऱ्या बाजूला लाटा पायाशी, त्या वाटेने पुढे चढ-उतार करून प्रिन्सेस मार्गारेट बीच, आणि त्याच्यापुढे लोअर बे. तिथे तुम्हाला काहीही 'करायचं' नाहीये. सकाळी पाण्यात डुंबायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी वाटेवरून चालत जाऊन कुठेतरी जेवायचं. गावात हाताने लाकडी मॉडेल होड्या बनवणारे कारागीर आहेत, पूर्वी इथे खऱ्या होड्या बांधायचे, त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलात तर रंधा मारताना, बारीक दोऱ्या ओवताना बघता येतं. तुमच्या पत्रात जे "नुसत्या बॅगा भरायच्या नाहीयेत" आहे ना त्याचं उत्तर हे बेट आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

बेक्वियाहून टोबॅगो केजची डे ट्रिप निघते. पाच निर्मनुष्य बेटं, भोवती प्रवाळाची भिंत, आत पाणी फिकट हिरवं-निळं, आणि बॅराडल बेटाजवळ उथळ पाण्यात समुद्री कासवं गवत चरत असतात. फार सुंदर जागा आहे. पण जाऊन-येऊन पूर्ण दिवस उघड्या समुद्रावर, म्हणून आदल्या दिवशी बोटवाल्याला वारा कसा आहे विचारा, तो नको म्हणाला तर जाऊ नका, आणि फक्त मिस्टर गेले आणि तुम्ही बीचवर पुस्तक घेऊन बसलात तरी त्यात काही वाईट नाही. गेलात तर लाइफ जॅकेट अंगातच ठेवायचं, कासवांना हात लावायचा नाही, प्रवाळावर पाय ठेवायचा नाही.

खालची युनियन आयलंड आणि ग्रेनेडाचं कॅरियाकू ही बेटं मी मुद्दाम मुक्कामाला सुचवली नाहीत. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ थेट कॅरियाकूवर आदळलं, कॅटेगरी ४ चं, तिथली आणि युनियनवरची जवळजवळ सगळी घरं मोडली. लोक जिद्दीने परत उभं करतायत आणि त्यांना पर्यटक हवेच आहेत, पण जायचं झालं तर हॉटेलशी थेट बोलून मगच बुकिंग करा. बेक्वियाला त्या मानाने कमी फटका बसला.

ग्रेनेडाला विमानाने जा, थेट नाही मिळालं तर बार्बाडोसवरून. ग्रेनेडा म्हणजे जायफळाचं बेट, त्यांच्या झेंड्यावर जायफळ आहे. २००४ च्या आयव्हन वादळात बहुतेक झाडं उन्मळून पडली, आणि जायफळाचं झाड फळाला यायला किती वर्षं लागतात हे आपल्या कोकणातल्या बागायतदारांना विचारा, त्यामुळे तो धंदा अजून पहिल्यासारखा झालेला नाही. गुयाव्ह गावात जायफळाचं जुनं केंद्र आहे, लाकडी मोठी इमारत, तिथे बायका हाताने निवडत बसलेल्या असतात, पाण्यात टाकून बुडणारं चांगलं आणि तरंगणारं हलकं अशी प्रतवारी होते, लाल जायपत्री वेगळी वाळवतात. चालू आहे का विचारून जा. राहायला ग्रँड आन्स, लांबलचक वाळूचा किनारा, पश्चिमेचा, शांत. मोलिनेअरला समुद्राच्या तळाशी २००६ पासून पुतळे बसवलेत, पाण्याखालचं शिल्पउद्यान, पोहता येत नसलं तरी काचेच्या तळाच्या बोटीतून दिसतात.

खाण्याची काळजी करू नका, उपाशी राहणार नाही. तिकडे रोटी म्हणजे चण्या-बटाट्याची करी घालून गुंडाळलेली मोठी पोळी, आपल्या बिहार-यूपीकडून गेलेल्या मजुरांनी नेलेली, जवळजवळ प्रत्येक बेटावर मिळते. कॅलालू म्हणजे चक्क अळूची पानं, नारळाच्या दुधात शिजवलेली. राइस अँड पीजमध्ये बऱ्याचदा तुरीचे दाणे असतात. आणि ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस! तो सेंट व्हिन्सेंटला १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून बोटीने आणला, किंग्सटाउनच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये लावला, ती बाग १७६५ ची आहे, फेरीबोटीला वेळ असेल तर बघून घ्या. भाजलेला नीरफणस लोण्याबरोबर खाऊन बघा, कापं करणाऱ्या माणसाला तो आवडणारच. पण एक नीट ऐका, कॅलालू असो की भात, त्यात खारवलेलं मांस किंवा डुकराची शेपटी चवीला टाकायची पद्धत आहे आणि त्यांच्या लेखी ती डिश 'व्हेज'च असते. म्हणून व्हेज आहे का एवढंच विचारू नका, सॉल्ट मीट, पिगटेल, फिश घातलंय का असं नाव घेऊन विचारा. 'आयटल' अशी पाटी दिसली तर ते रास्ताफारी ह्या तिकडच्या पंथाच्या लोकांचं शाकाहारी जेवण, डोळे मिटून आत जा.

पैशांचं. बार्बाडोसचा डॉलर वेगळा, २ म्हणजे १ अमेरिकन. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडाला ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, २.७० म्हणजे १ अमेरिकन, १९७६ पासून हाच दर आहे. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, पण टॅक्सीत बसायच्या आधी "कुठला डॉलर?" हे विचाराच, नाहीतर ४० ऐकून बसाल आणि उतरताना जवळजवळ तिप्पट द्याल. बेक्वियाला एटीएम मोजकीच, कॅश आधी काढा. प्लगही वेगळे, बार्बाडोसला अमेरिकेसारखे, बाकी दोन्हीकडे ब्रिटिश तीन पिनचे आणि २३० व्होल्ट. दुकानात शिरल्या शिरल्या आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, मग विचारायचं, तिकडे ते फार मानतात. आणि मिस्टरांची मिलिटरी डिझाइनची बर्म्युडा किंवा टोपी असेल तर घरीच ठेवा, बार्बाडोस आणि सेंट व्हिन्सेंटमध्ये साध्या नागरिकांनी ते कापड घालायला कायद्याने बंदी आहे.

क्रूझबद्दल जावई चुकीचं सांगत नाहीये. मोठ्या जहाजावर बोट कमी लागते, बॅग एकदाच उघडायची, आधी कळवलं तर शाकाहारी जेवणही नीट मिळतं. पण जहाज सकाळी धक्क्याला लागतं आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सुटतं, म्हणजे गर्दीच्या वेळी तुम्ही बेटावर आणि ते शांत झालं की तुम्ही जहाजावर. गुडघे दुखत असते किंवा सोबत आजी-आजोबा असते तर मी क्रूझच म्हटलं असतं. तुम्ही दोघंच आहात, तीस वर्षांचं निमित्त आहे, संध्याकाळ बेटावर मिळायला हवी.

त्रिनिदादवर मिस्टर अडून बसतील. १९७१ साली वाडेकरांच्या टीमने पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं, गावस्करांचं पदार्पण तिथलंच, त्यामुळे ओढ मी समजू शकते, आणि १८४५ पासून तिथे गेलेल्या आपल्या लोकांची वस्ती बघण्यासारखी आहेच. पण ते एका दिवसात उरकायचं बेट नाही. शिवाय भारत सरकारच्या यलो फीव्हरच्या यादीत त्रिनिदाद आहे, तिथून निघून ६ दिवसांच्या आत भारतात आलेल्याकडे लशीचं कार्ड नसेल तर उतरल्यावर क्वारंटाइन करू शकतात, लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीच्या जवळपास असाल तर डॉक्टरांशी बोलूनच. त्यांना म्हणावं पुढच्या वेळी फक्त त्रिनिदाद आणि टोबॅगो, आठवडाभर, लस घेऊन.

आणि हो, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना अमेरिकेसोबत ह्या तिन्ही देशांची नावं पॉलिसीत आहेत का, आणि छोट्या बेटावरून विमानाने मोठ्या हॉस्पिटलला न्यायचा खर्च त्यात धरलाय का, एवढं लेकीला फोन करून विचारायला लावा, मग तिकिटं काढा.